देवाखालचा कागद

संशयकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहा घेण्याआधी त्यांनी दुधाच्या कॅनवरची तारीख वाचली. मग साखरेच्या डब्यात डोकावून म्हणाले, "टाक दोन चमचे." मला राग आला होता, पण त्यांच्या सुनेने स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नकोस, आमच्याकडे रोजच असतं."

काका म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंदारचे वडील. मुंबईत विमा कंपनीच्या दावे विभागात तीस वर्षं काढून अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे राहायला आलेले. "तीस वर्षं जळालेली गोदामं बघितली, की माणूस पणतीकडेही संशयाने बघतो," असं ते स्वतःच सांगत. खिशात एक निळी वही असे. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी म्हणालं, मुलाला मेडिकलला ॲडमिशन मिळाली, की काका वाटी खाली ठेवून विचारत, "कुणी सांगितलं? कागद आला का?" माझी मुलगी एकदा त्यांच्यासमोरच म्हणाली, "आई, ही इज सो सस्पिशस!" काकांनी तिला मनापासून थँक यू म्हटलं.

या काकांशी माझी खरी गाठ पडली ती २००३ मध्ये, माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामुळे. नवरा आयटीत, दुकान माझं. जागेसकट विकत घेतलेलं, आणि त्यासाठी राहतं घर गहाण ठेवलेलं. चार वर्षांनी बँकेने नवं कर्ज देण्याआधी माती तपासायला लावली, तर फरशीखाली कपडे धुवायचं रसायन मुरलेलं निघालं. आमचं मशीन नवंकोरं होतं. ही गळती सत्तरच्या दशकातली, आधीच्या मालकाच्या वेळची. पण सरकारी पत्र आलं ते माझ्या नावाने: जागा तुमची, साफ तुम्हीच करा. ते करायचं म्हणजे दुकान गेलं असतं आणि मागोमाग घरही.

आमच्या विमा कंपनीने कानावर हात ठेवले. प्रदूषण आमच्या पॉलिसीत बसत नाही, म्हणे. काकांनी ती पॉलिसी उलटसुलट वाचली आणि बाजूला ठेवली. "ही मेख विमा कंपन्यांनी नंतर मारलीय. जुन्या पॉलिसीत नसायची. गळती तेव्हाची ना? मग तेव्हाची कंपनी बांधील. पॉलिसी संपली म्हणून तिच्यात दिलेला शब्द संपत नाही. जुन्या मालकाची पॉलिसी शोध." जुना मालक वारला होता. एका जुन्या दुकानदाराकडून काकांनी त्याच्या विमा कंपनीचं नाव काढलं आणि मला पत्र पाठवायला लावलं. उत्तर दोन ओळींचं होतं: अशी पॉलिसी आमच्या नोंदीत नाही, असल्यास कागद दाखवा.

काका दुकानाचं तळघर बघायला आले. टॉर्च मारून कोपरा न् कोपरा बघितला, वहीत काहीतरी लिहिलं आणि वर आले. दुकान ताब्यात आलं तेव्हा वास्तुशांतीच्या आधी तळघर आवरणारी मीच होते. तिथे जुन्या मालकाची कागदांनी भरलेली सात-आठ खोकी होती. दुसऱ्याची अडगळ ठेवून पूजा कशी करायची? मी ती सगळी बाहेरच्या कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये टाकली होती. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि काकांनाही मी सांगितलं नाही.

महिन्याभराने काका जुन्या मालकाच्या बायकोला, डॉरोथीला, भेटून आले. दावा तिच्या नवऱ्याच्या पॉलिसीवर लागायचा, म्हणून तिची सहीही हवी होती. "ती म्हणते, कागद तळघरातच सोडले," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "खोटं बोलत असेल का गं?"

मी म्हटलं, "असेलही. कुणाचं काय सांगावं!"

हे वाक्य मला आजही टोचतं.

पुढच्या आठवड्यात काठी टेकत डॉरोथी स्वतः दुकानात आली. काका काउंटरपाशी माझी पत्रं तपासत बसले होते. तिने पर्समधून नवऱ्याचा दुकानापुढे काढलेला फोटो काढला. "आय डोन्ट नो इफ धिस हेल्प्स, हनी. इट्स ऑल आय हॅव." मला रडूच फुटलं. आधी तिला इंग्रजीत आणि मग काकांना मराठीत सांगितलं, खोकी मीच फेकली.

डॉरोथीने माझा हात थोपटला. काकांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता उलटतपासणी. पण त्यांनी विचारलं, "सगळं फेकलंस? आपल्या बायका सगळं कधी फेकत नाहीत. माझी आई कॅलेंडरचं पानसुद्धा डब्याखाली घालायची. कप्प्यांत काय अंथरलंयस?"

आम्ही सगळे खण उपसले. त्यात वर्तमानपत्रं निघाली. शेवटी काका काउंटरमागच्या फळीपाशी थांबले, बूट काढले आणि म्हणाले, "देव तू उचल."

गणपती आणि लक्ष्मी उचलल्यावर खाली जाड, पिवळट कागद होता. कुंकवाचे डाग, तेलाचं वर्तुळ. जाड म्हणून मीच एका खोक्यातून काढून, कोरी बाजू वर करून अंथरला होता. काकांनी तो उलटला. विम्याचं प्रमाणपत्र होतं: डॉरोथीच्या नवऱ्याचं नाव, कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, सालं. चार वर्षं मी त्याला रोज उदबत्ती ओवाळत होते.

नंबर कळवल्यावर कंपनीला आपल्या नोंदी सापडल्या. डॉरोथीने सही केली. दोन वर्षं पत्रापत्री चालली, प्रत्येक पत्र काकांनी उजेडाला धरून बघितलं. मग माती उकरून नेली, स्वच्छ माती भरली. दुकान राहिलं, घर राहिलं.

२००७ मध्ये काका पुण्याला परत गेले, आणि पुढच्या वर्षी हृदयविकाराने गेले. मंदार तिकडून आला तेव्हा ती निळी वही माझ्या हातात देत म्हणाला, "यात तुझ्या दुकानाचं बरंच आहे, तूच ठेव."

तळघर बघितलं त्या दिवसाचं पान मी आधी उघडलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: "तळघर फारच स्वच्छ. खोकी हिनेच टाकली असणार. विचारायचं नाही. पोरगी सांगेल." खाली सही, कारण सहीशिवाय काका काही लिहीत नसत.

आणि मी त्यांना दीड महिना वाट बघायला लावली.