पोस्टासाठी खोली

मी बसणार तेवढ्यात आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खुर्चीवर टाकला.

खुर्ची पोस्टाची. लाकडी, एक हात मोडलेला, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. माझ्या पर्समध्ये नेमणुकीचं पत्र होतं आणि त्यात माझ्या नावापुढे शाखा डाकपाल असं लिहिलं होतं. आबा ते काम तीस वर्षं करून रिटायर झाले होते. त्यांच्यानंतर त्यांची थोरली सून बदली म्हणून बसत होती. ऑफिस त्यांच्याच घरात, खालच्या खोलीत. मी चार्ज घ्यायला गेले होते.

"बस की," आबा म्हणाले आणि पायरीकडे बोट केलं.

मी बसले. पायरीवर. हे सांगायला मला आवडत नाही, पण बसले. सव्वीस वर्षांची बाई, ट्रेनिंग करून आलेली. डोक्यात काही यायच्या आधीच पाय वळले. लहानपणापासून त्याच पायरीवर बसत आलो होतो आम्ही.

आम्ही म्हणजे बौद्ध वस्ती. गाव अजून आम्हाला जुन्याच नावाने ओळखतं, फक्त तोंडावर म्हणत नाही. चाकणच्या पुढे, एमआयडीसीच्या कुंपणाला टेकलेलं आमचं गाव. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या तीन-तीन मजली बिल्डिंगी झाल्या, मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा झाल्या. ओरिसाची पोरं, बिहारची पोरं, मराठवाड्यातली माणसं तिथे भाड्याने राहतात. आमची जमीन नव्हतीच, त्यामुळे आमचं काही गेलं नाही आणि काही आलंही नाही.

"आधी खोली दाखव," आबा म्हणाले. "मग चार्ज."

त्यात ते खोटं बोलत नव्हते. नियमच आहे. शाखा डाकपाल ज्याला व्हायचं त्याने ऑफिसला जागा स्वतः द्यायची, स्वतःची किंवा भाड्याची, गावातच, आणि तीही महिन्याच्या आत. फॉर्म भरताना मी ते वाचलं होतं. मला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. ज्या गावात दर दुसऱ्या भिंतीवर खोली भाड्याने देणे आहे असं लिहिलंय, तिथे एक खोली मिळणार नाही असं कुणाच्या मनात येईल?

पोस्टाची नोकरी मला का हवी होती ते आधी सांगते. मी सातवीत असताना वडिलांना एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं होतं. कायम करणार होते. आबा आमच्या वस्तीत कधी यायचे नाहीत. वस्तीची पत्रं साठली की गठ्ठा बांधायचे आणि डेअरीवर दूध घालायला आलेल्या आमच्यातल्या कुणाच्याही हातात द्यायचे. घेऊन जा तुमचं. त्या खेपेला डेअरीत आमचं कुणी भेटलं नाही, म्हणून गठ्ठा तिथेच खिळ्याला लटकत राहिला. पत्र वडिलांच्या हातात पडलं तेव्हा मुलाखतीची तारीख जाऊन नऊ दिवस झाले होते. वडील आबांकडे गेले. मी बरोबर होते. वडील एवढंच म्हणाले, "आबा, जरा निरोप धाडला असता." आबा म्हणाले, "मी काय तुझा नोकर हाय का रं?" वडिलांनी मान हलवली आणि आम्ही परत आलो. ते मरेपर्यंत ठेकेदाराकडेच झाडलोट करत राहिले. दोन वर्षांपूर्वी गेले.

वडिलांकडे उत्तर द्यायला शब्द नव्हते असं नाही. त्यांना आबांच्या दारात परत जायचं होतं, पुढच्या पत्रासाठी. हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा मी खूप रडले.

दहावीला मी शाळेत पहिली आले होते. ते मार्क पत्र्याच्या पेटीत पडून होते. मी कंपनीत लाईनवर होते, गाड्यांच्या वायरिंगची लाईन, ठेकेदाराची. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड. शेजारी जालन्याकडची वैशाली बसायची. तिने जेवणाच्या सुट्टीत मोबाईल दाखवला. पोस्टाची भरती. परीक्षा नाही, मुलाखत नाही, फक्त दहावीचे मार्क. यादी कॉम्प्युटर लावतो. "म्हंजे तुला तोंड दाखवायचंच न्हाई कुणाला," वैशाली म्हणाली. आम्ही हसलो. मला ते फार बरं वाटलं होतं.

कोणकोणती गावं चालतील ते फॉर्ममध्ये ओळीने भरायचं होतं. यादीत माझं गाव होतं. वैशाली म्हणाली, "आपलं गाव नको टाकू. जिथं कुणी वळखत न्हाई तिथं टाक." मी तिला वेड्यात काढलं. आपल्या गावात खोली मिळेल, भाडं कमी पडेल, आई एकटी पडणार नाही. मी माझं गाव पहिलं टाकलं. पहिलंच लागलं, आणि एकदा पहिलं लागलं की खालची गावं गेली. मी कंपनी सोडली.

आता मजा बघा. आबांच्या सुनेने फॉर्मच भरला नव्हता. दीड वर्ष तीच काम करत होती, हुशार बाई, हिशेबाला पक्की. पण घरातले तिला म्हणाले, फॉर्म कशाला, पोस्ट आपल्याच घरात आहे. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तीस वर्षं ओट्याला लागून असलेली गोष्ट सरकारी आहे, हे ते विसरून गेले होते. यादीत माझं नाव आलं तेव्हा आबांनी लोकांना सांगितलं म्हणे की काहीतरी चूक झालीय, होईल दुरुस्त.

महिना सुरू झाला. मी खोली शोधायला निघाले.

पहिल्या घरी मालकीणबाई चांगल्या बोलल्या. रस्त्यावरची खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या की भाच्याला द्यायचं ठरलं. ती खोली अजून रिकामी आहे. दुसऱ्या घरात रूम फुल आहेत म्हणाले, आणि माझ्यासमोर दोन बिहारी पोरं गाद्या घेऊन आत शिरली. तिसऱ्या घरातला माणूस माझ्या वर्गात होता, एका बाकावर बसून आम्ही चित्रकलेचे रंग वाटून घेतले होते. त्याच्या चाळीस खोल्या आहेत. तो खाली बघत म्हणाला, "माझं काय न्हाई गं. पण मला गावात राहायचंय."

त्याला गावात राहायचं होतं. मी कुठे राहत होते?

ओरिसाच्या पोरांना कुणी जात विचारत नाही. भाषा कळत नाही, आडनाव कळत नाही, खोली मिळते. माझं सगळं कळतं. माझा आजा, पणजा, त्यांनी कुणाची गुरं ओढली, सगळं पाठ. ओळख म्हणजे आधार असं मी समजत होते. वैशालीचं बरोबर होतं.

वीस दिवस झाले. आई आबांच्या घरी धुणंभांडी करायची, चौदा वर्षं. एका रविवारी ती येऊन म्हणाली की तुला बोलवलंय. आबांचा धाकटा मुलगा आला होता. तो वाकडला राहतो, आयटीत आहे, मोठा फ्लॅट आहे. वागायला अगदी सरळ. मला ताई म्हणाला. खुर्ची दिली, चहा दिला, कपसुद्धा सगळ्यांसारखाच. म्हणाला, मी जातबित काही मानत नाही, माझे निम्मे मित्र तुमच्यातले आहेत. पण गाव आहे ना ताई, जरा प्रॅक्टिकल विचार कर.

त्याचा विचार असा होता. ऑफिस आहे तिथेच राहील. नोकरी माझी, पगार माझा, सह्या माझ्या. खुर्चीवर त्याची वहिनी बसेल, कारण लोकांना तिची सवय आहे. मी वाटपाला जायचं आणि संध्याकाळी येऊन सह्या करायच्या. त्याने एक कागद टाईप करून आणला होता.

"कुणाचंच नुकसान नाही," तो म्हणाला. "इथे सही कर."

आई दाराशी उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी पेन हातात घेतलंसुद्धा. खोटं कशाला सांगू, मनात आलं की करून टाकावी. कंपनी सुटली होती, दहा दिवस राहिले होते, आणि सरकारी नोकरी आमच्या सगळ्या भावकीत कुणाला नव्हती. सही केली असती तर आईची धुणीभांडी आज ना उद्या सुटली असती.

मी कागद वाचला. पहिलीच ओळ होती, माझी आपणास नम्र विनंती आहे की. मी विनंती करत होते की ऑफिस आबांच्या घरी राहू द्यावं. मी विनंती करत होते की त्यांच्या सुनेला खिडकीवर बसू द्यावं. खाली लिहिलं होतं की हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.

मला वडील दिसले. मान हलवताना.

पायरीवर बसवलं ते मी गिळलं होतं. खोल्या नाकारल्या तेही गिळलं. पण हे सगळं मीच मागितलं, असं ते माझ्याच हाताने लिहून घेणार होते. पुढे कधी कुणी विचारलं असतं तर कागद दाखवला असता, बघा, तिचीच इच्छा होती.

मी म्हणाले, "ही विनंती माझी नाही."

पेन टेबलावर ठेवलं आणि उठले. मागून त्याचा आवाज आला, ताई, तू इमोशनल होतेस. आई तिथेच थांबली. तिला भांडी घासायची होती.

मग मी आमचीच खोली दिली. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढची खोली रिकामी केली, खाट मागे नेली, वडिलांचा फोटो मागच्या भिंतीवर लावला. वस्तीतल्या पोरांनी चुना मारून दिला. आईने कशालाच हात लावला नाही. ती नुसती म्हणायची, "मरंस्तोवर ह्याच गावात काढायचंय गं बाई."

जागा बघायला पोस्टाचे इन्स्पेक्टर आले, त्यांच्या मागोमाग गावातली सात-आठ माणसं आली. आमच्या वस्तीच्या कमानीबाहेर उभी राहिली. म्हणाली की साहेब, इथे लांब पडतं. म्हातारी माणसं आहेत, बायाबापड्या आहेत. इन्स्पेक्टर थकलेला माणूस होता, दिवसातली तिसरी जागा बघत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल की बाई, मिटवून घ्या.

मी म्हणाले, "साहेब, गावाच्या मधोमध देऊळ आहे, तिथून मोजून घ्या. लांब असेल तर माझी नोकरी जाऊ द्या. आणि दुसरं कारण असेल तर ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. खाली नाव घालून."

इन्स्पेक्टरने फाईलमधून एक कोरा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "देता का लिहून?"

माझ्या वर्गातला तो चाळीस खोल्यांवाला पुढेच होता. त्याने खिशात हात घातले. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. कागद कुणीच घेतला नाही. मग इन्स्पेक्टरने तो घडी करून ठेवला, देवळापर्यंत चालत गेला, चालत आला, आणि माझी जागा मंजूर करून गेला.

त्याच आठवड्यात आईचं काम सुटलं. सुनेने फाटकाशीच सांगितलं, "मावशी, उद्यापासून नका येऊ." सांगताना ती रडत होती म्हणे. चार्ज देताना तिने मला एकेक वस्तू नीट मोजून दिली होती, आणि शिक्क्याची तारीख कशी फिरवायची ते दाखवलं होतं. तिचंही काम गेलंच होतं. मला तिचा राग येत नाही.

ऑफिस सुरू होऊन आता पाच महिने झाले. ओरिसाची पोरं येतात, घरी पार्सल धाडतात. वस्ती येते. गावातलं कुणी आलंच तर घाईत येतं, उंबऱ्याबाहेरून हात पुढे करतं. जी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे तिच्याकडे मी अंगठा लावून पैसे काढायचं मशीन घेऊन घरी जाते, ती कुणाचीही असो. आणि वस्तीतलं प्रत्येक पत्र मी ज्याचं त्याच्या हातात देते.

परवा आई बाहेरून आली. पदराखालून तिने एक पासबुक काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आबांचं. त्यांना पैसे काढायचे होते. आई हळू आवाजात म्हणाली, "एवढं करून दे. त्ये मला परत कामाला बोलवत्यात."

पैसे काढायचे तर खातेदार समोर लागतो. आबा रोज संध्याकाळी देवळात चालत जातात. मी त्यांना रोज बघते.

आईच्या हातांना साबणाने पडलेल्या भेगा पाच महिन्यांत भरत आल्या होत्या. तरी तिला ते काम हवं होतं. घरी बसून ती माझ्याशी धड बोलत नाही, जेवत नाही. मला तिची कणव येत होती आणि चीडही येत होती. मी पासबुक उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

"त्यांना इथे यायला सांग," मी म्हणाले.

ती पासबुक पदराखाली घेऊन परत आबांच्या घराकडे गेली. तिथे तिला काय ऐकावं लागणार ते मला माहीत होतं. मी तिला हाक मारली नाही. आबा आले तर त्यांचं काम करीन, जसं सगळ्यांचं करते तसं, आत बोलावून. नाही आले तर त्यांचे पैसे तसेच पडून राहतील. पण त्यांच्या दारात आमच्या घरातलं कुणी आता पोस्टाचं काम घेऊन जाणार नाही.