मागून वारा येत न्हाई

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमन ट्रेड शिकवला. निवृत्त झालो त्या दिवशी स्टाफनं शाल, नारळ आणि एक मायक्रोवेव्ह ओव्हन दिला. शाल-नारळाचं समजू शकतो. ओव्हन कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला आजही माहीत नाही. पाली रस्त्याला आमचं तीन खोल्यांचं घर, त्यात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला. दूध गॅसवर तापायचं, भाकरी तव्यावर व्हायची, कशाचंच काही अडत नव्हतं.

बायकोला मात्र ती वस्तू आवडली. 'पेटी' म्हणायची ती तिला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण आठवड्यात तिनं पेटी हाताळायला घेतली. चटणीसाठी शेंगदाणे भाजायची, पापड भाजायची. उडदाचा पापड तेलाशिवाय फुलतो याचं तिला फार कौतुक होतं. आल्यागेल्याला उघडून दाखवायची.

ओट्यावर जागा नव्हती, म्हणून मी सुतार बोलावून कपाटात पेटीच्या मापाचा कप्पा करून घेतला. माप मी स्वतः टेपनं घेतलं. सुतार म्हणाला, "सर, थोडं सैल ठेवू का?" मी म्हणालो, "सैल कशाला? झुरळं जातात." पेटी आत गेली ती दोन्ही बाजूंना करंगळीसुद्धा जाणार नाही इतकी घट्ट; वर तेवढी बोटभर फट राहिली. सोबत आलेलं माहितीपुस्तक मी पिशवीतून बाहेर काढलं नव्हतं. असल्या पुस्तकांवर मी पोरांच्या परीक्षा घेत आलो होतो, मला काय वाचायचं, असं वाटलं.

पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पेटी तापायला लागली. आत ठेवलेलं तापतं ते ठीक, पण बाहेरचा पत्राही हात लावू देईना. चार मिनिटं लावली की दोन मिनिटांत आपोआप बंद. अर्ध्या तासानं पुन्हा चालू. मधूनच जळका वास.

बायको मला म्हणाली, "अवो, हिचा आवाज बदललाय. पयलं मागून वारा यायचा, भिताडाकडून. आता येत न्हाई."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणालो.

हे वाक्य मी त्याआधीही किती वेळा म्हटलं असेल ते सांगता येणार नाही. ते इतकं तोंडात बसलं होतं की म्हणताना राग लागायचा नाही की विचार लागायचा नाही. तिनं शेंगदाणे तव्यावर भाजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर काढला. दुपारी आमच्याकडे विजेचा दाब कमी मिळतो, हे मला ठाऊक होतं. मोजला तर एकशे नव्वद व्होल्टच्या खाली. म्हटलं, सापडलं. स्टॅबिलायझर आणला, भिंतीला ठोकला, दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग प्लग बघितला. एक पिन काळी पडली होती. सॉकेट बदललं, जाड वायर टाकली. पुन्हा तेच.

आपलं शिक्षण उपयोगी पडेना, तेव्हा मी वापरणारीकडे वळलो. तू स्टीलची वाटी ठेवली असशील. तू रिकामी चालवली असशील. तू वर क्रोशाचं कव्हर टाकतेस, ते काढ. तिनं कव्हर काढलं. स्टीलची वाटी आपण कधीच ठेवली नाही, एवढं एकदा सांगितलं आणि पुन्हा बोलली नाही. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत सात नियम लिहिले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. वर्गात चिकटवायचो तसे. ती सावकाश वाचणारी. एक एक अक्षर लावून तिनं सगळे वाचले, मी मागं उभा राहून बघत होतो. तेव्हा मला ते शिस्तीचं काम वाटलं होतं.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ युसूफ वडगावहून आला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. बहिणीला पहिली पत्रिका द्यायची म्हणून कडक उन्हात फटफटीवर आलेला. ती खुलून गेली होती. चहा झाला, आणि भावाला तेलाशिवायचा पापड दाखवावा म्हणून तिनं पेटी लावली. दोन पापड झाले. तिसऱ्याला पेटी बंद पडली, आणि तो जळका वास बैठकीपर्यंत आला.

मी उठून आत गेलो. "किती वेळा सांगायचं?" माझा आवाज वर्गातला होता. "दहावी नापास पोरं येत होती माझ्याकडं. तीसुद्धा एकदा सांगितलं की ऐकायची. तुला एवढं लिहून दिलं तरी डोक्यात शिरत नाही."

ती म्हणाली, "मी कायबी येगळं केलं न्हाई. मागचा वारा बंद हाय, मी तुमाला तवाच सांगितलं."

"वारा! इलेक्ट्रिकमध्ये वारा शिकवती मला."

भाऊ दारात आला होता. काय करावं ते त्याला सुचेना. हातातल्या उरलेल्या पत्रिका त्यानं जमवून सरळ केल्या, मग पुन्हा सरळ केल्या. "दाजी, जाऊ द्या ना," म्हणाला. "मशीन हाय, व्हतं असं." जेवायला थांबणार होता तो. थांबला नाही. अजून चार गावं करायची आहेत, म्हणाला. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी ते दोन पापड खाल्ले. चांगले झाले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी, दारात एक बाई उभी. पंजाबी ड्रेस, खांद्याला हत्यारांची पिशवी. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, ओळखलं का?"

ओळखलं. वायरमनच्या माझ्या सगळ्या वर्षांत मुली मोजक्याच आल्या. ही त्यातली एक, चकलांब्याकडची. पहिल्याच महिन्यात मी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं की खांबावर चढणं मुलींचं काम नाही, शिवणकामाच्या ट्रेडला जागा आहे, बदलून घे. तिनं बदललं नव्हतं. आता तिचं बीडच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान होतं.

"काकूंनी फोन केलता," ती म्हणाली.

मी बायकोकडं बघितलं. ती पदर सावरत तिला आत घेऊन चालली होती, घरातल्या मुलीला न्यावं तसं. "मिक्सर हिनंच दोनदा नीट करून दिला," जाता जाता म्हणाली. मिक्सर बिघडला होता हे मला माहीत नव्हतं. एकदाही नाही आणि दोनदाही नाही.

मी मागोमाग गेलो. दाब, स्टॅबिलायझर, पिन, वायर, सगळं क्रमानं सांगायला सुरुवात केली. तिनं मान डोलावत ऐकलं आणि मग बायकोकडं वळून विचारलं, "काकू, तुमी सांगा. काय होतंय?"

"आवाज बदललाय," बायको म्हणाली. "आधी दोन आवाज यायचे. एक घुमल्यावानी आन् एक भिरभिर. ती भिरभिर बंद झाली. वरच्या फटीला हात धरला की मागून वारा लागायचा, तो लागत न्हाई. उन्हाळा लागल्यापासून."

"पंखा," ती मुलगी म्हणाली. मग माझ्याकडं बघून हसली. तिच्या हसण्यात काहीच वाकडं नव्हतं, आणि तेच मला सोसलं नाही. "सर, तुमीच सांगायचात की आमाला. मशीन उघडायच्या आधी वापरणाऱ्याला इचारा, निम्मा बिघाड तिथंच कळतो. मी दुकानात आजबी पयलं तेच करते."

सांगायचो. दर वर्षी, पहिल्या तासाला, फळ्यावर लिहून.

पेटी कप्प्यातून निघेना. दोघींनी मिळून हलवून हलवून ओढली. सनमायक्याचा एक टवका उडाला. मागची जाळी दिसली तेव्हा तिच्यावर कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर होतं, बोटाएवढं, वाळून पांढरं पडलेलं. उरलेल्या जाळीवर फोडणीची वाफ आणि धूळ बसून काळा थर झाला होता. त्या मुलीनं प्लग काढला, जरा थांबून स्क्रू खोलले, झटका बसू नये म्हणून आतला कपॅसिटर रिकामा केला. हात तयार होता तिचा. मातीचे खडे आत पडून पंख्याच्या पात्यात अडकले होते. पंखा जागेवर ठप्प. तिनं ब्रशनं सगळं झाडलं, आसाला तेलाचा थेंब दिला, बोटानं फिरवून बघितलं. अर्ध्या तासाचं काम.

पेटी ओट्यावर ठेवून चालू केली. बायकोनं मागं हात धरला. हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"आता परत ह्या कप्प्यात नका ठेवू," मुलगी म्हणाली. "मागं आन् वर मोकळी जागा लागती, गरम हवा कोंडती. माशी नसती आली तरी हे कधी ना कधी झालंच असतं. कुणी केलाय हा कप्पा? सुतार लोकांना सांगितल्याशिवाय कळत न्हाई बघा."

मी तिथंच उभा होतो. बायको माझ्याकडं बघणार असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. चहाचं आधण ठेवत होती. आणि मी सुतारावर गेलेलं बोलणं तसंच जाऊ दिलं. साठी उलटलेला माणूस, एका वाक्याचं काम होतं, नाही झालं माझ्याच्यानं.

चहा त्या दोघींनी स्वयंपाकघरात घेतला. माझा बैठकीत आला. आतून बोलण्याचा आवाज येत होता, आणि एकदा बायको मोकळेपणी हसलेली ऐकू आली. ती असं हसते हे मी विसरलो होतो.

ती मुलगी गेल्यावर मी दारावरचा नियमांचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंग निघून आला. "बरोबर होतं तुझं," एवढं म्हणायचं मनात होतं. चार दिवस मनातच होतं. मग म्हटलं, आता काय, जुनं झालं. भाचीच्या लग्नाला आम्ही गेलो. मेहुण्यानं मान दिला, टोपी-टॉवेल केला, पण जेवताना शेजारी बसला नाही.

मला वाटलं होतं, बायको रागावली असेल तर कधी तरी बोलून दाखवील. तिनं बोलून दाखवलं नाही, आणि रुसलीही नाही. ती फक्त मला काही सांगायची थांबली. किंवा आधीच थांबली होती आणि मला आता दिसायला लागलं. पाण्याच्या टाकीचा कॉक गळायचा, तो एके दिवशी गळत नसायचा. गॅसची नळी बदललेली असायची. मी विचारलं की, "झालं ते," म्हणायची.

त्या पावसाळ्यात पायरी चुकून ती अंगणात पडली. लागलं फारसं नाही. पण पायरी रोजची, म्हणून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक एक डोळा झाकून अक्षरं दाखवली. उजव्यानं तिनं सगळी वाचली, एक एक लावून. डाव्यानं ती नुसती बघत राहिली.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"वरीस झालं आसंल," ती म्हणाली. "कडंकडंनं अंधारत आलं."

"मग घरी सांगितलं नाही?"

मी खुर्चीत शेजारीच होतो. ती साधेपणानं म्हणाली, "सांगून काय व्हतंय. मला काय कळतंय त्यातलं, म्हणले आसते."

तिनं ते टोमणा मारायला म्हटलेलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता कागदावर लिहिलं आणि काचबिंदू म्हणजे काय ते समजावलं. गेलेली नजर परत येत नाही. आधी आणलं असतं तर थेंबांनी टिकली असती. आता दुसरा डोळा राखायचा, सकाळ-संध्याकाळ थेंब, चुकवायचे नाहीत.

थेंब मी टाकतो. वेळ चुकवत नाही. ती खुर्चीत बसून मान मागं करते, मी पापणी वर धरतो, एक थेंब, मग ती डोळा मिटून घेते आणि मी कोपरा दाबून धरतो, डॉक्टरांनी सांगितलंय तसा. दोन मिनिटं तसंच राहायचं असतं. त्या दोन मिनिटांत मी रोज विचारतो, आज कसं दिसतंय, दुखतंय का, जळजळ होती का.

"बरं हाय," ती म्हणते.

ते खरं आहे की नाही, मला कळायला काहीच मार्ग नाही.