गणपतचा बोलका खडा

आमच्या हिंगोली भागात माइकवर पहिल्यांदा बोलला तो मी! तीनदा ठणकावून ‘ऐका हो’ म्हणालो. मग गणपतनं सांगितलं, बॅटरी जोडायची राहिलीये. तर गणपतच्या लाउडस्पीकरच्या दुकानात तारांचा जसा गुंता, तसाच किश्श्यांचा. एक ओढला की चार निघतात.

*

निजामाचं राज्य होतं तेव्हाच्या या गोष्टी. गणपतच्या माइकमध्ये मिठासारखा एक खडा होता. आवाजानं दबला की तो वीज द्यायचा, पण मुंगीएवढी. पेटीतले काचेचे वाल्व्ह त्या मुंगीचा हत्ती करून कर्ण्यातून सोडायचे. एवढं विज्ञान मला चौथी नापासालाही बराबर कळलं.

एकदा मी माइकवर हळूच दाढीचे खुंट घासले. कर्णा करवतीसारखा खरखरला. समोरचा सुतार ताटावरून उठून धावत आला, "माझं सागवान कोण कापून राहिला?"

*

खड्याला ऊन सोसायचं नाही. म्हणून उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याला गेलो की गणपत माइक डब्यात घालून, घट्ट झाकण लावून, विहिरीत पाण्याच्या वर टांगायचा. एका म्हातारीनं लोणी समजून डबा वर ओढला, उघडला, आणि गणपतला म्हणाली, "काहून रे पोरा, एवढं जपून ठेवतू अन् खायाच्या कामाचं न्हाई?"

*

गणपतचे वडील कीर्तनकार. आम्ही त्यांना महाराजच म्हणायचो. पुसेगावच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन चाळीस वर्षं त्यांचंच, पण आता आवाज पार बारीक झालेला. त्या साली पाटलांनी स्पष्ट सांगितलं, शेवटच्या रांगेला ऐकू आलं तर पुढल्या सालीही तुमीच, न्हाईतर दुसरा बुवा बघतो.

म्हणून गणपत माइक घेऊन निघाला. आणि डबा मी भर उन्हात गाडीत विसरलो. खडा मेला!

गणपत रडायच्या बेताला आला. मी म्हणालो, रेकॉर्ड वाजवायच्या पिकपमध्येही खडाच असतो ना? आम्ही तो पिकप महाराजांच्या गळ्यातल्या वीणेच्या भोपळ्याला फडक्यानं बांधला.

भोपळा टेकला होता महाराजांच्या पोटावर. पोट काल्यापर्यंत उपाशी. त्यात मांडवामागं बुंदी तळायला घेतलेली! महाराजांनी अभंगाला तोंड उघडलं आणि कर्ण्यातून आवाज आला, गुडगुडगुडूम.

शेवटच्या रांगेनं आभाळाकडं बघितलं. ढग तर एक नाही. पुन्हा गुडगुडलं तेव्हा उलगडा झाला, आणि ते बोलकं पोट जवळून बघायला अख्खा मांडव हसत हसत पुढं सरकला. मागची माणसं महाराजांच्या पायाशी येऊन बसली. गणपतनं लाजून यंत्र बंद केलं. आता शेवटची रांगच उरली नव्हती. महाराजांचा बारीक आवाज सगळ्यांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला. पाटलांनी तिथंच नारळ देऊन पुढलं साल पक्कं केलं.

जेवताना मी महाराजांना डिवचलं, "शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते तुमचं पोटच बरं का!"

महाराज बुंदीचा घास गिळून म्हणाले, "चाळीस वर्सं म्या त्याच्यासाठी बोललो. आज एकडाव ते माझ्यासाठी बोललं. तुझं तोंड आजवर कोणासाठी बोललं रे?"