कुणाला न विचारणारा कॉम्प्युटर

भोरच्या घरी मी एक कॉम्प्युटर असा तयार केला होता, की त्याला जोडलेला दुसरा कुठलाही सुरू झाला तर यानं कुणाला न विचारता त्यातलं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकावी. लग्नाचे फोटो काढणाऱ्या दादाचा कॉम्प्युटर मी फोटो उतरवून घ्यायला चालू असतानाच त्याला जोडला, आणि लाईट गेली.

दादाला घरीच बसवून मी चौकात गेलो होतो, तेव्हा लाईट आली. दादाला दम म्हणून नाही, तो लगेच बटण दाबणार! भोंगवली गावातलं अख्खं लग्न त्यात होतं. पळत घरी आलो.

पडद्यावर नवरानवरी हसत होती. दोन्ही कॉम्प्युटर जोडणारी नेटवर्कची वायर खाली लोंबत होती. लाईट गेली की आई दिसेल ती वायर उपटायची, आणि त्यावरून मी रोज तिच्यावर डाफरायचो.

“वायरी काढत जा, किती येळा सांगू तुला?” आई खेकसली.

“व्हय,” एवढंच म्हणालो.