मा. डॉ. सौ. मृणाल व पती

श्यामराव लांजेवार भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण त्यांच्यातला क्लार्क काही रिटायर झाला नाही. उद्घाटन असो की निरोपसमारंभ, साहेबलोकांच्या पाकिटांवर नावं घालायचं काम जन्मभर त्यांच्याकडेच. कुणाला 'माननीय', कुणाला नुसतं 'श्री', हे ते क्वार्टरचं फाटक बघून सांगत. मोठ्या पोस्टचं नाव आधी, शेपटीला 'व पत्नी'. झालं पाकीट.

त्यामुळे त्यांच्या लेकीच्या, हर्षाच्या, लग्नाची कार्डं सुपेल्याच्या बाजारातून छापून आली, तेव्हा सेक्टर 10 च्या त्या घरात दुसऱ्या कुणाला पेन धरायची परवानगीच नव्हती. बायको प्रेमलाबाईंनी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, बस.

प्रेमलाबाईंचा धाकटा भाऊ सुशील भिलाई-3 ला रेल्वेत फिटर. त्याची बायको मृणाल सरकारी दवाखान्यात डॉक्टर, नुकतीच तिथली प्रमुख झालेली. श्यामरावांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मा. डॉ. सौ. मृणाल कापगते, प्रमुख वैद्यकीय अधिकारी, व पती.' आणि शेजारचा कमलेश तिकडे निघालाच होता, त्याच्या हाती धाडलं.

संध्याकाळी फोन आला.

"ताई, तुह्या घरी कोनाचं लगन हाय?"

"असं कावून बोलून राहिला रे? हर्षाचं!"

"मंग मले कावून नाई बोलावलं?"

"अरे, कार्ड भेटलं नाई का?"

"भेटलं न. मॅडमले भेटलं. अन् मॅडमचा एक पती हाय म्हने, त्यालेबी बोलावलं. तो भेटला तर सांगतो त्याले."

फोन कट.

प्रेमलाबाईंनी नवऱ्याला नि लेकीला सगळं सांगितलं. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय मंगलाष्टकं कशी सुरू व्हायची? आणि हर्षाला मामा एकच.

"मी काय चुकीचं लिहिलं?" श्यामराव तापले. "प्रोटोकॉल हाय तो! पोस्ट कोनाची मोठी?"

"पापा, ये ऑफिस का फंक्शन है क्या?" हर्षाचा आवाज चिरकला. "मामा नाही आला तर मी बोहल्यावर उभीच नाही राहणार."

प्रेमलाबाई सावकाश बोलल्या. "प्लांटची पाकिटं आपल्याबी घरी येत व्हती. 'व पत्नी' लिहिलेली. तुमच्याच अक्षरात. मी गेली का एका तरी कार्यक्रमाले?"

"तुह्यं डोकं दुखे तवा..."

"दर खेपेले?"

इतकी वर्षं श्यामराव कार्यक्रमाहून घरी आल्याबरोबर आठवणीनं विचारत आले होते, डोकं थांबलं का म्हणून.

सकाळी दोघं कोरं पाकीट घेऊन भिलाई-3 ला गेले. सुशीलनं पाणी दिलं आणि टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता.

श्यामरावांनी पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ते अडलं. "सुशीलराव, आधी तुमचं लिहू का मॅडमचं?"

"भाऊजी, घरात तरी मॅडम नका हो म्हणू," मृणाल कळवळून म्हणाली. "रात्री हे जेवलेसुद्धा नाहीत."

"भूक नव्हती," सुशील बंद टीव्हीला म्हणाला.

प्रेमलाबाईंनी नवऱ्याच्या हातून पेन काढून घेतलं आणि ओठ दाताखाली धरून लिहिलं, 'सुशील, मृणाल.' अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, शेवटचं तर पाकिटाबाहेर निघालेलं. श्यामरावांची बोटं शिवशिवली. "निदान 'डॉ.' तरी..."

"चूप बसा जी."

सुशीलनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "ताई, तुह्यं अक्षर अजूनबी असंच हाय?"

"मले कोन लिहू देते घरी?"

तो आधी नाकातल्या नाकात हसला, मग मोठ्यानं. हसता हसता डोळे पुसले आणि एकदम भडकला. "हर्षाले मामाची साडी कोनी घेतली?"

"कोन घेईन? मामा रुसून बसला."

"कोन रुसला? चाल सुपेल्याले, आत्ताच्या आत्ता!"

मृणालनं गाडी काढली. श्यामराव दाराशी घुटमळले, पुढे कुणी बसायचं त्यांना ठरवता येईना.

"बसा न कुठंबी, भाऊजी!" सुशील आतून ओरडला. "मामाले उशीर होऊन राहिला!"