ज्योतीच्या पाठीवरचे वळ

आमच्या घरात कोणाच्या अंगात येत नाही, कोणी उतारे टाकत नाही. मी रायपूरला सिंचन खात्यात सब-इंजिनिअर, धाकटी बहीण ज्योती शाळेत सायन्स शिकवते. असले अनुभव मी जेवताना वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवत हसायचो... हा अनुभव खरं तर ज्योतीचा. पण दोन्ही वेळा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तिला विचारूनच लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत, गावाचं लिहीत नाही.

रायपूरला छत्तीसगडची राजधानी होऊन वर्ष होत आलं होतं. भोपाळची अर्धी कामं आमच्या टेबलावर येऊन पडलेली, बूढ़ापाऱ्यात आमच्या गल्लीपर्यंत रस्ते खोदलेले. त्या दिवाळीत कशीबशी सुटी मंजूर झाली आणि एलटीसीवर आम्ही अंदमानला गेलो – आई, मी, बायको माधुरी आणि ज्योती. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं नील बेटावर.

भर दुपार होती. पाणी गुडघाभर आणि इतकं स्वच्छ की आपल्या पायाची नखं दिसावीत. आई आणि माधुरी किनाऱ्यावर सावलीत बसल्या होत्या. ज्योती माझ्या पुढे चालत होती, काहीतरी उचलायला वाकली... आणि तिची पाठ एकदम आत दबली. मी आवाज ऐकला. ओल्या गादीवर काठी हाणल्यावर येतो तसा.

ती पालथी पडली. मी तिला उचलायला वाकलो तर दुसरा आवाज, मग तिसरा. प्रत्येक आवाजाला तिचं अंग पाण्यात उसळत होतं आणि तिच्या आसपास माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मासा नाही, खडक नाही, लाटसुद्धा नाही. शेवटी तिचं डोकं कोणी लाथाडल्यासारखं बाजूला फेकलं गेलं, डावी भुवई उभी फाटली आणि पाणी लाल व्हायला लागलं.

मी तिला ओढत किनाऱ्यावर आणलं. माधुरीनं कुर्ता वर करून पाहिला. पाठभर तिरपे वळ होते, अंगठ्याएवढे जाड, काही ठिकाणी रक्त फुटलेलं.

बेटावरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले, मग आम्हाला बाहेर काढून ज्योतीशी एकटीशी बोलले. बाहेर येऊन मला म्हणाले, "ये लाठी के निशान हैं. सच बताइए, आपने मारा है?"

"माझा पोरगा आहे हा," आई मराठीतच म्हणाली, "बहिणीवर हात उचलणारा नाही."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

ज्योती बोलली ती परतीच्या बोटीत. "मले मारून राह्यले होते, दादा. मले उठता येत होतं, पण मी उठत नव्हती."

"काहून?"

"माझ्याखाली कोणीतरी होतं. बाई होती. मी उठली असती तर तिले लागलं असतं."

खाली फक्त वाळू होती, मी पाहिली होती. घरी आल्यावर नातेवाइकांना आम्ही सांगितलं की खडकावर पडली. हळूहळू मीही तसंच मानायला लागलो. त्या आवाजाचं काय, हे स्वतःला विचारणं मी टाळत होतो.

रायपूरच्या काही डॉक्टरांचा एक ग्रुप रविवारी खेड्यांत आरोग्य शिबिरं घ्यायचा. ज्योतीनं सुटीआधीच त्यात नाव दिलं होतं. आई नको म्हणाली, तरी ती गेली. टाके नुकतेच निघाले होते, म्हणून मीच स्कूटरवर सोडायला जायचो आणि थांबलोच आहे तर पेशंटच्या चिठ्ठ्या लिहायचो. आमच्या वाट्याचं गाव रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या पुढे, कारखान्यांची काजळी कौलांवर बसायची तिथलं. शाळेच्या व्हरांड्यात ज्योती लेकरांची वजनं करायची. पोट्टी "दीदी, दीदी" करत तिच्या मागे असायची. बेटावरून आल्यापासून ती पहिल्यांदा हसताना दिसली, मलाही बरं वाटलं.

त्या रविवारी सकाळी गलका ऐकू आला. रांगेतली एक म्हातारी कानावर हात ठेवून खाली बसली आणि म्हणाली, "सुकवारो ला मारत हें. टोनही कहिके."

टोनही म्हणजे चेटकीण. सुकवारो विधवा बाई होती, मागच्याच आठवड्यात आमच्याकडून खोकल्याचं औषध घेऊन गेलेली. तिच्या दिराचं लेकरू कावीळ होऊन गेलं होतं, आणि ते हिनं खाल्लं असं घरच्यांनी ठरवलं होतं.

ज्योती हातातलं लेकरू त्याच्या आईकडे देऊन धावली. तिच्यामागे मी.

अंगणात सुकवारो पडली होती. लुगडं फाटलेलं, केस अर्धे कापलेले, तोंडात चिंधी कोंबलेली. दीर आणि त्याचे दोन भाऊ तेंदूच्या काठ्यांनी तिला मारत होते. रागाची आरडाओरड संपली होती, आता ते धान झोडपावं तसे एकामागून एक मारत होते. पंचवीस-तीस माणसं बघत होती. मी एकाचा हात धरला, त्यानं फिरून माझ्या खांद्यावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, कळ नंतर. मी भिंतीशी कोसळलो.

तिथून मी सगळं पाहिलं. ज्योती त्या बाईच्या अंगावर पालथी पडली, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून.

"हट जा दीदी, तोला लग जाही," दीर ओरडला. ती हलली नाही. त्यानं मारलं.

मी शपथेवर सांगतो, काठ्या तिच्या पाठीवर पडल्या. पूर्ण जोरानं, पुन्हा पुन्हा. एक भुवईवर बसली आणि तिचं डोकं फेकलं गेलं. काठीचं टोक तुटून माझ्या पायाशी आलं. मग शिबिरातले डॉक्टर आणि ड्रायव्हर पोचले, आणि ते तिघं पळाले.

सुकवारोच्या बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा गेला. माझ्या गळपट्टीच्या हाडाचे दोन तुकडे. ज्योती मात्र उठून उभी राहिली, ओंजळीनं सुकवारोला पाणी पाजलं, आणि गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

रायपूरच्या दवाखान्यात लेडी डॉक्टरनं ज्योतीला तपासलं. पाठीवर नवीन एकही खूण नव्हती. साधी लालीसुद्धा नाही. होते ते बेटावरचे वळ, पिवळे पडत आलेले. भुवईवर बरी झालेली जखम. "ये सब हफ़्तों पुराना है," डॉक्टरनं लिहून टाकलं.

माधुरी घरी आल्यावर म्हणाली, "तिनं मार आधीच खाल्ला होता."

केस उभी राहिली. तिघांना सुकवारोसाठी शिक्षा झाली, ज्योतीला मारल्याचा आरोप मात्र टिकला नाही. त्यांच्या वकिलानं विचारलं की या जखमा कधीच्या. ती म्हणाली, जुन्या आहेत. कशाने झाल्या? ती म्हणाली, खडकावर पडले होते. बाहेर येऊन मी विचारलं, काहून खरं सांगितलं नाही? तर म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर सगळं त्या बाईवर आलं असतं, दादा. म्हणाले असते, पाहा, तिनंच जादू केली."

सुकवारो भाटापाऱ्याला लेकीकडे राहायला गेली. शिबिरं पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही त्या गावात एकदाच गेलो. व्हरांड्यात डॉक्टरांसमोर रांग होती. ज्योतीच्या वजनकाट्यासमोर कोणी नव्हतं. तिला पाहून एका आईनं लेकराचं तोंड पदरात झाकलं.

मी चहाच्या टपरीवर गेलो. तिथं तो होता, त्या दिवशी अंगणात उभं राहून बघणाऱ्यांपैकी एक. चांगला माणूस, मला बसायला जागा दिली. मग हळूच म्हणाला, "भैया, मैं अपन आँखी ले देखेंव. लाठी परिस, फेर दाग नइ परिस. अब तहीं बता, टोनही कोन आय?"

काठी पडलेली मीही पाहिली होती, आणि डाग उठला नव्हता हेही खरं होतं. मग टोनही कोण, हे तो मलाच विचारत होता. चहा तसाच ठेवून मी शाळेत गेलो आणि ज्योतीला म्हणालो, "चल, घरी जाऊ." तिनं काटा पिशवीत भरला. पिशवी मांडीवर घेऊन ती स्कूटरवर मागे बसली. त्या माणसाला काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.