निवलेलं तूप

थंडीने वाटीतलं तूप थिजलं होतं. खाली रवाळ, वर पातळ. भौतिकशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल अशीच वेगळी झाली. विश्व तापलेलं होतं तेव्हा दोन्ही एकच होती. ते निवल्यावर एकाचा वाहक, म्हणजे प्रकाश, वजनाशिवाय राहिला आणि कुठेही पोचतो. दुसऱ्याचे वाहक जड झाले. त्यांना अणूच्या गाभ्याबाहेरही जाववत नाही."

"घाम गाळून उभं केलेलं माझं दुकान वाटणीत तुझ्या काकाने लाटलं!" मी उसळलो.

"मी तुपाबद्दल बोलत होते, बाबा."

समोरच्या घरात भाऊ महिनाभर अंथरुणाला खिळलाय. त्याच्या खिडकीतला उजेड रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येतो. मधली गल्ली आठ पावलांची. ती मला ओलांडवत नाही.